शैलाताईच्या सहा शाया

राग येईल असा प्रश्न विचारतो. तुमच्या भिंतीवर हार घातलेला जो फोटो आहे, त्यातला माणूस खरंच तेवढा गोरा होता का?

बघितलंत ना लगेच वर!

मला स्वतःला हा प्रश्न सेहेचाळीस वर्षं पडला नाही. मी मोर्चे काढले, वॉर्ड ऑफिसात टेबलं आपटली, चाळीच्या पाण्यासाठी लॉकअप बघून आलो. शाळा आठवीत सुटली. बाकीचं फुटपाथवरच्या पुस्तकांतून आणि सभेच्या शेवटच्या रांगेत उभं राहून शिकलो, त्यामुळे कोणी शहाणपण शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. पण माझ्याच लालबागच्या खोलीत, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या खाली, एक गोरीपान बाई इतकी वर्षं भिंतीवर होती आणि तिला मी आई म्हणत होतो.

आईचं नाव लक्ष्मी. छप्पन्नच्या धर्मांतराआधीचा जन्म, नाव तसंच राहून गेलं. मी तीन वर्षांचा असताना ती काविळीने गेली. मला तिचं काहीच आठवत नाही, आवाज नाही, वास नाही. आहे तो हा एक फोटो. मला कमळाबाईने, म्हणजे आत्याने वाढवलं. आई कशी होती विचारलं की ती म्हणायची, "फोटो बघ ना, तशीच." शाळेतली पोरं फोटो बघून गेली की दुसऱ्या दिवशी विचारायची, "अभ्या, तू नक्की हिचाच का रे?" मी तवा, ती दूध. त्यावरून मी बऱ्याच जणांचे दात हलवलेत.

गेल्या वर्षी भिंतीला ओल आली आणि काचेच्या आत बुरशी शिरली. आईचा एक कान गेला. मी घाबरलो, खोटं कशाला बोलू. फोटो उतरवला आणि एका फ्लेक्सवाल्याकडे नेला. त्याने स्कॅन केला, माउस फिरवला, दहा मिनिटांत नवा फोटो हातात. कान होता. पण आई हिरवी झाली होती. काळा-पांढरा फोटो, आणि गालावर शेवाळ आल्यासारखी झाक. शिवाय होती त्याहून गोरी.

"हे काय केलंस?"

"ब्राइटनेस दिला ना साहेब. मॅडम फ्रेश दिसतात."

मॅडम फ्रेश दिसतात! माझी मेलेली आई! काउंटरवर मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. तो पोरगा मात्र ऐकून घेणारा निघाला. शेवटी म्हणाला, "दादा, रंगीत शायांतून काळा-पांढरा काढला की असंच होतं, झाक येते. एवढी आग लागलीय तर काळाचौकीला शैलाताईकडे जा. घरी छापते. पागल आहे. तिच्या प्रिंटरमध्ये एकपण रंग नाही, सहाच्या सहा काळे आहेत."

"सहा काळे म्हणजे?"

"ते तिलाच विचार."

शैलाताई चाळीत तिसऱ्या माळ्यावर राहते. त्रेसष्ट वर्षांची, माझ्या खांद्याला लागेल एवढी, गळ्यात काळ्या दोऱ्यात एक भिंग. खोली एकच. शिलाई मशीनच्या टेबलावर जुना फोटो-प्रिंटर, त्याच्या डोक्यावर धूळ बसू नये म्हणून नऊवारीचा तुकडा. फळीवर औषधाच्या बाटल्यांसारख्या बाटल्या, बाजूला इंजेक्शनच्या सिरिंजा. दारात उभा राहून मी आधी भिंत बघितली आणि तशीच बघत राहिलो. ते सहसा होत नाही.

भिंतभर माणसं होती. आपली माणसं. डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई, गिरणीच्या दारातले चौघे, एक म्हातारा ढोलकी घेऊन. काळी माणसं, आणि काळी असून त्यांचा प्रत्येक बारकावा दिसत होता. गळ्याखालची सावली, त्या सावलीत घामाची रेघ, कपाळावर उजेड कुठे सरकून थांबला ती जागा. मी आजवर आमच्या माणसांचे फोटो दोनच तऱ्हेचे बघितले होते, एक तर पावडर थापलेले, नाहीतर डोळे आणि दात सोडून सगळा डांबराचा गोळा. हे तिसरंच काहीतरी होतं. मी हात लावायला पुढे केला.

"हात धुतलेत का?" मागून आवाज आला.

अशी आमची ओळख.

तिने मला बसवलं आणि बाटल्या दाखवल्या. कंपनीच्या सहा शाया, निळी, पिवळी, गुलाबी वगैरे, तिने काढून टाकल्यात. त्या जागी सहा काळ्या, एकीपेक्षा एक फिकी. गडद काळी तेवढी बाहेरून मागवते, बाकीच्या पाच ती घरीच करते. तीच काळी, डिस्टिल्ड वॉटर, जरासं ग्लिसरीन आणि शाई कागदावर नीट पसरावी म्हणून दोन थेंब डार्करूमच्या औषधाचे. बाटल्यांवर चिठ्ठ्या होत्या, मी वाचल्या. तवा. पाटा. ओली राख. सुकी राख. ढग. धुवण.

"धुवण?"

"तांदळाचं. सगळ्यात फिकी. ती नसली तर कपाळ फाटतं."

"म्हणजे?"

"म्हणजे उजेड एकदम संपतो आणि कोरा कागद लागतो. माणसाचं कपाळ असं संपत नाही." तिने माझ्या कपाळाकडे भिंगातून बघितलं. "तुमच्या कपाळाला मात्र तवा जास्त लागेल."

मी हसलो. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर तो धड जिना उतरला नसता.

ही काळी म्हणजे काय, तर काजळी. शुद्ध काजळी, दळून दळून बारीक केलेली. रंगाच्या शाया उन्हात उडतात, ही उडत नाही. आमच्या गॅलऱ्यांत गिरण्यांच्या चिमण्यांची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर पडायची, आत्या चिमणीला शिव्या घालायची, ते मला आठवलं. धुऊन जात नाही म्हणूनच तर शिव्या होत्या. इथे एक बाई त्याच गुणासाठी काजळी बाटलीत जपून बसली होती. पण काजळी तळाला बसते, म्हणून ती रोज सकाळी चहाच्या आधी सहाही बाटल्या हलवते आणि प्रिंटरमधून पट्टीभर छापून काढते. एक दिवस चुकला तर नळ्या तुंबतात. गेल्या सात वर्षांत ती एका रात्रीसाठीसुद्धा गावाला गेलेली नाही.

हे सगळं सुरू कसं झालं, ते तिची भाची संघमित्रा सांगते. ती बँकेत आहे आणि मावशीची टिंगल करायचा तिला परवाना आहे. शैलाताई गिरगावातल्या एका स्टुडिओत एकतीस वर्षं कामाला होती. स्टुडिओ बंद पडला तेव्हा संघमित्राने तिचं मन रमावं म्हणून रंगीत प्रिंटर आणला. शैलाताईने पहिला फोटो छापला तो वडिलांचा, शामरावांचा. ते गिरणीत बॉयलरवर कोळसा टाकायचे. "आजोबा वांगं होऊन बाहेर आले," संघमित्रा म्हणाली. "जांभळे! मावशी दोन दिवस जेवली नाही." मग दोघींनी इंटरनेटवर शोधलं, जगात कुठे कुठे लोक प्रिंटरमध्ये नुसत्या करड्या शाया भरतात ते कळलं. शैलाताईला वाटलं, यात काय मोठं, आपण एकतीस वर्षं ब्रशने काळी शाई लावली. तिने आपली रोजची, भरवशाची, चित्रकारांची शाई सिरिंजने कार्ट्रिजमध्ये भरली. त्या शाईत लाख असते. तासाभरात प्रिंटर आतून दगड झाला. दुसरा ढग बनवताना गेला. तिसरा हा.

भिंतीवर, त्या सगळ्या जिवंत चेहऱ्यांमध्ये, शामराव अजून जांभळेच होते.

"यांना का नाही नव्याने छापलं?" मी विचारलं.

तिने हात पुढे केला. म्हणाली, "तुमचा फोटो दाखवा."

मी आईला पिशवीतून काढलं. शैलाताईने भिंग डोळ्याला लावलं आणि गालावरून, नाकावरून, हनुवटीवरून सावकाश फिरवलं. मग फोटो उलटा केला. मागे जांभळ्या शाईत स्टुडिओचा मोराचा शिक्का आणि खाली पेन्सिलीने ४४१७. तिने तो आकडा अंगठ्याने पुसल्यासारखा चोळला.

"ही मी केलीय."

"काय केलीय?"

"गोरी. मी केलीय हिला."

मला वाटलं गंमत करतेय. पण तिने नीट सांगितलं. स्टुडिओत फोटो काढला की निगेटिव्ह तिच्या टेबलावर यायची. तिच्यावर पातळ वार्निश द्यायचं, म्हणजे पेन्सिल धरते. मग टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावर बारीक बारीक रेघा भरायच्या, मुंगीच्या पायाएवढ्या. निगेटिव्हमध्ये काळं ते फोटोत पांढरं, त्यामुळे जितकी पेन्सिल तितका माणूस उजळ. डाग, सुरकुती, व्रण, सगळं जायचं. पाकिटावर मालकाच्या अक्षरात लिहून यायचं, काय काय काढायचं ते. गिऱ्हाईक दुकानातून गोरं बाहेर पडलं पाहिजे, हा नियम.

"आणि तू केलंस?" रागात मी तुम्हीवरून तूवर आलो. "आपली बाई समोर असून? हात नाही थरथरला?"

"आपली बाई होती म्हणून जास्त मन लावून केलं," ती म्हणाली. "वीस वर्षांची होते मी. वाटायचं, निदान फोटोत तरी हिला कोणी नाव ठेवू नये."

मी उठलो. काय काय बोललो, त्यातलं अर्धं माझ्या भाषणांतलं होतं आणि अर्धं गटारातलं. तिने एकदाही मान खाली घातली नाही. मी दोन माळे उतरलो तेव्हा वर गॅलरीतून आवाज आला, सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा.

"ए वाघ! शिव्या संपल्या की ये. तुझ्या आईची निगेटिव्ह माझ्या ट्रंकेत आहे!"

चार दिवस गेलो नाही. चार दिवस त्या फोटोसमोर बसलो. आधी मला त्यात आई दिसायची, आता फक्त पेन्सिल दिसत होती, आणि पेन्सिलीच्या खाली कोणीतरी होतं. पाचव्या दिवशी दुपारी गेलो. संघमित्राने दार उघडलं. "आलास दादा? आधी चहा घे, मग भांड."

ट्रंक उघडी होती. आत पाकिटं, ओळीने, आणि त्यांच्यामध्ये चपलांच्या खोक्यांत येतात तसल्या ओल शोषणाऱ्या पुड्या. चाळीत कोणाकडेही नवी चप्पल आली की खोक्यातली पुडी शैलाताईच्या दारात पडते. स्टुडिओ मोडला तेव्हा मालकाच्या मुलांनी निगेटिव्ह किलोवर विकल्या, त्यातली चांदी काढून घेणारे लोक असतात. निरोपाला शैलाताईला शाल आणि नारळ देत होते. ती म्हणाली, शाल ठेवा, मला ज्या पाकिटांवर माझी खूण आहे तेवढी पाकिटं द्या. नऊशेच्या वर चेहरे तिने टॅक्सीत घालून काळाचौकीला आणले.

"कशाला?"

"मी ज्यांची तोंडं भरली त्यांचीच आणली. दुसऱ्यांची नाही."

४४१७. तळहाताएवढी निगेटिव्ह. तिने खिडकीच्या उजेडात धरली. चेहऱ्यावर पेन्सिलीचं दाट गवत उगवलेलं. हनुवटीवर तर जंगल.

"हे पुसता येतं," ती म्हणाली. "टर्पेंटाइनने वार्निश सुटतं, त्याबरोबर पेन्सिल. पण त्रेचाळीस वर्षं झालीत. बुरशी आतपर्यंत गेली असेल तर खालचा थरही सुटून येईल. मग काही उरत नाही. नुसतं प्लास्टिक."

"किती निघाले आजपर्यंत?"

"अकरा निघाले. तीन गेले." मग तिने भिंतीकडे हनुवटी केली. "पहिले ते गेले."

जांभळे शामराव.

"माझ्या बापाला पण मीच गोरा केला होता," शैलाताई म्हणाली. "काम शिकले त्याच आठवड्यात. भेट म्हणून. त्यांनी फोटो बघितला, हसले, म्हणाले, जमलं पोरी. म्हातारपणी वाटलं, आता सहा शाया आहेत, बाबांना नीट काढू. कापूस घेतला आणि घासलं. पहिल्या प्रिंटरच्या वेळचं स्कॅन कधीच पुसलं गेलं होतं, नवं केलं नव्हतं. वरचे गोरे बाबा पण गेले, खालचे खरे पण." तिने भिंग पदराला पुसलं. "तुझी मी स्कॅन करून ठेवलीय. म्हणजे गोरी आई कुठे जात नाही. जाईल ती खालची. सांग, करू का?"

चाळीस वर्षांत मला कोणी परवानगी विचारली नव्हती. मी परवानग्या मागायला जातो, नाहीतर मोडायला. नको म्हणालो असतो तर हिरवी, गोरी, फ्रेश मॅडम होतीच जन्मभर.

"कर."

कापूस तिने आता टाकून दिलाय. सिरिंजने टर्पेंटाइनचा एक थेंब ती निगेटिव्हच्या कोपऱ्यात सोडते, तिरकी धरते, थेंब आपल्या वजनाने उतरतो. घासायचं नाही. थेंब सोडायचा, थांबायचं, दुसरा सोडायचा. संघमित्राने पंखा बंद केला. शैलाताईचा एक डोळा मोतीबिंदूने गढूळ झालाय, तो ती मिटून घेते. पाऊण तास मी त्या बाईचा हात बघितला. मी मोठमोठे लोक जवळून बघितलेत, मंत्र्यांच्या हाताला घाम सुटलेला बघितलाय. असा स्थिर हात नाही बघितला. ज्या हाताने रेघ न रेघ भरली होती, तोच हात आता थेंबाला सांगत होता, हळू.

करडं पाणी खालच्या बशीत साठलं. त्यात एक पापुद्राही तरंगत आला. मी बघितला, तिनेही बघितला.

"आईचा?" मी विचारलं.

"पडद्याचा. मागच्या पडद्याचा तुकडा गेला. गप्प बस."

निगेटिव्ह सुकली, स्कॅन झाली, कागद लागला, जाड, सुती, दुधाळ. प्रिंटर चालू झाला. तो घाईत नसतो. केसाएवढी पट्टी छापतो, थांबतो, पुढची. आधी पडदा आला, एका कोपऱ्यात फाटलेला. मग केस. गोऱ्या आईचे केस म्हणजे एक काळा डाग होता, इथे भांगाच्या दोन्ही बाजूंना एकेक बट तेलाने चमकत होती. मग कपाळ. ते गोरं नव्हतं. ते माझं होतं. मी स्वतःच्या कपाळावर हात ठेवला, मला कळलंही नाही. उजेड भुवईच्या वर येऊन थांबला, आणि तिथून राखेत, राखेतून पाट्यात, पाट्यातून तव्यात असा उतरत गेला की कुठे संपला ते दाखवता येईना.

"दादा, श्वास घे," संघमित्रा म्हणाली.

डोळे आले. गोऱ्या आईच्या डोळ्यांत काही नव्हतं. या बाईच्या डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं होती आणि ती कॅमेऱ्याकडे अशी बघत होती की, लवकर काढ फोटो, मला कामं आहेत. राग! माझा राग! लोक मला विचारतात, हा कुठून आला तुझ्यात. आला तिथून आला.

आणि अगदी शेवटी हनुवटी. तिच्यावर तीन ठिपके, चुलीच्या तीन दगडांसारखे. गोंदण.

मी शैलाताईकडे बघितलं. ती पाकीट वाचत होती. मालकाच्या अक्षरात, त्रेचाळीस वर्षांपूर्वीचं: उजळ करणे, गोंदण काढणे.

तिने कागद दोन्ही तळव्यांवर घेतला आणि मला दिला नाही. "रात्रभर सुकू दे. उद्या ने." मग माझ्याकडे न बघता फोटोला म्हणाली, "मी काय काय झाकलं होतं गं तुझं."

मी तिच्या पाया पडणारा माणूस नाही. आमच्यात ती पद्धत नाही आणि माझ्या स्वभावात तर नाहीच. मी फक्त बशी उचलली, करडं पाणी मोरीत ओतलं आणि बशी धुऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन भायखळ्याला आत्याकडे गेलो. कमळाबाई आता चौऱ्याऐंशीची. तिने फोटो नाकाला लावला.

"कोण रे ही?"

मला वाटलं, चुकलं काहीतरी. तिचं बोट कपाळावरून खाली आलं, नाकावरून, ओठांवरून, आणि हनुवटीवर थांबलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "लक्ष्मे!"

मग मला म्हणाली, "हे ठिपके काढले तेव्हा मीच हिला धरली होती. लग्नाच्या वर्षी, इथे बाजारात. कसली ओरडली होती, गोंदणारणीला चावली. आणि मी विसरले बघ. फोटो बघून बघून विसरले. तुला म्हणत राहिले, तशीच होती, तशीच होती."

त्या दुपारी आत्याने मला आईच्या अकरा गोष्टी सांगितल्या, ज्या तिला चाळीस वर्षं आठवल्या नव्हत्या. ती चहात मीठ टाकायची. मोठ्याने हसायची, तोंडावर पदर न घेता. मला काखेत मारून भाजीवाल्याशी भांडायची. एक चेहरा परत आला आणि त्याच्या मागून ही सगळी वरात आली.

आता ही बाई भिंतीवर आहे, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या खाली. कोणी विचारत नाही, तू हिचाच का.

शैलाताईच्या ट्रंकेत नऊशेच्या वर पाकिटं अजून तशीच आहेत. दरवर्षी बुरशी थोडी आत जाते आणि तिचा दुसरा डोळाही आता गढूळ व्हायला लागलाय. ती कोणाला शोधत फिरू शकत नाही, सकाळी बाटल्या हलवायच्या असतात. म्हणून हे मी लिहिलं.

तेव्हा उठा. भिंतीवरचा फोटो आत्ता खाली उतरवा आणि उलटा करून बघा. मागे जांभळा मोर आणि पेन्सिलीचा आकडा असेल तर काळाचौकीला या, तिसऱ्या माळ्यावर, दुपारी, उजेड असताना. भांडायचं असेल तर भांडा, तिला सवय आहे. पण आकडा घेऊन या.